जमीन पावसाळ्यात पाहावी

२०२५ च्या जून महिन्यात, पहिला पाऊस पडून गेल्यानंतर, वसईहून आमच्या धाकट्या भावाचा फोन आला. घरची, वाडीची, आजारी आत्याची विचारपूस झाली आणि मग तो म्हणाला, “दादा, नागपूरच्या प्लॉटला गिऱ्हाईक आलंय. रेल्वेत नोकरीला असलेला तरुण मुलगा आहे, नुकतंच लग्न झालंय. देऊन टाकू का? तुम्ही इतकी वर्षं तिकडे आहात, तुम्हांला काय वाटतं?”

अठरा वर्षांपूर्वी तो प्लॉट घेतानाही त्याने आम्हांला हेच विचारले होते आणि तेव्हा आम्ही क्षणाचाही विलंब न लावता होकार दिला होता. या खेपेस ‘दोन दिवसांनी सांगतो’ एवढेच म्हणून आम्ही फोन ठेवला. ते दोन दिवस आम्हांला जड गेले. त्या प्लॉटविषयी एक गोष्ट आम्हांला २००७ पासून ठाऊक होती आणि ती आम्ही भावाला कधीच सांगितलेली नव्हती. ती आम्हांला कळली भंडारा जिल्ह्यातील आसगावच्या एका शेतकऱ्याकडून.

आसगाव हे पवनी तालुक्यातील, चौरास भागातील गाव. वैनगंगेकाठच्या या सुपीक, सपाट पट्ट्याला लोक चौरास म्हणतात. पावसाळ्यात नजर पोहोचेल तिथवर धानाच्या बांध्या आणि त्यांत गुडघाभर पाण्यात ओळीने वाकून रोवणी करणाऱ्या बायका. आमच्याकडे त्या काळी या भागातील विखुरलेल्या ख्रिस्ती कुटुंबांची जबाबदारी होती. आसगावात आमच्या धर्मग्रामातील एक शिक्षिका भाड्याने राहत असत आणि महिन्यातून एकदा त्यांच्या ओसरीवर आम्ही मिस्सा अर्पण करीत असू. चार कुटुंबे जमली तरी ओसरी भरून जाई. घरमालक आमच्या धर्माचे नव्हेत, कोहळी समाजाचे. गाव त्यांना ‘पाटील’ म्हणे, म्हणून आम्हीही पाटील म्हणू लागलो. मिस्सा चालू असता ते अंगणातल्या बाजेवर टोपी काढून स्वस्थ बसत आणि नंतर चहा घेऊन येत. आमची खरी गट्टी जमली ती त्या चहावर.

वसईच्या मंडळींना कोहळी म्हणजे कोण हे कदाचित ठाऊक नसेल. भंडाऱ्याला तलावांचा जिल्हा म्हणतात. हे तलाव बांधण्यात ज्या समाजाचा मोठा वाटा होता, तो हा. गोंड राजांच्या राज्यात जो तलाव बांधील त्याला त्या तलावाखाली भिजणारी जमीन मिळे, अशी परंपरा या भागात सांगितली जाते. पुढे मालगुजारी पद्धत आली, तलावांना ‘मालगुजारी तलाव’ हे नाव पडले आणि लोकांनी त्याचे ‘मामा तलाव’ केले. १९५१ साली मालगुजारी संपली (भंडारा तेव्हा मध्य प्रदेशात होते) आणि तलाव सरकारजमा झाले. पाटलांचे म्हणणे असे की, त्या दिवसापासून तलावातला गाळ कुणाचाच राहिला नाही. पूर्वी ज्याचे धान तलावावर पिके तोच उन्हाळ्यात पाळीवर माती टाकी, सलंगाचे म्हणजे जादा पाणी निघून जाण्याच्या वाटेचे दगड नीट बसवी. आता पाळ फुटली तर अर्ज करावा लागे. पाटलांची स्वतःची एक बोडी होती, शेतातले लहानसे तळे. तिची पाळ ते दर मे महिन्यात स्वतः बांधत. आम्ही एकदा थट्टेने विचारले की, एवढे कष्ट कशाला, सरकारी योजना आहे की! ते म्हणाले, “योजना भंडाऱ्याले राह्यते जी. बोडी इथं राह्यते, अन् मी बी इथंच राह्यतो.”

आता प्लॉटाकडे येऊ.

आमचे घराणे वसईतले, वाडीवाल्यांचे. केळी, पानवेली, थोडा भाजीपाला. १९९० साली सिडको वसई-विरारसाठी नियोजन प्राधिकरण म्हणून आली. पुढे फादर फ्रान्सिस दिब्रिटो यांच्या नेतृत्वाखाली हरित वसईसाठी जे मोर्चे निघाले, त्यांत आमचा भाऊ घोषणा देत चालला होता. हे आवर्जून लिहितो, कारण पुढे त्यानेच वाडीची एक पट्टी विकली म्हणून नातलगांनी त्याला बरेच टोचले. विहिरीचे पाणी मचूळ झाले, पानवेली सुकल्या, मुलीच्या शिक्षणाला पैसा लागणार होता. बोलणाऱ्यांपैकी कुणी ती विहीर गोडी करून देणार नव्हते. पैसा हाती आला, थोडा खर्च झाला, थोडा बँकेत राहिला आणि उरलेला ‘जमिनीचा पैसा जमिनीतच जावा’ म्हणून त्याने आम्हांला विचारले.

ते २००७ साल होते. नागपुरात तेव्हा जमिनीखेरीज दुसरा विषय नव्हता. वर्धा मार्गावर विमानतळालगत ‘मिहान’ हा मालवाहतूक केंद्राचा आणि उद्योगांचा मोठा प्रकल्प उभा राहणार होता. त्यासाठी महाराष्ट्र विमानतळ विकास कंपनी २००२ सालीच स्थापन झालेली होती. परदेशी विमाने येणार, हजारो नोकऱ्या येणार, असे पानवाल्यापासून प्राध्यापकापर्यंत सगळेच बोलत. सेमिनरी हिल्सवर आम्ही शिकत होतो तेव्हाचे शांत, संत्र्यांचे नागपूर एकाएकी घाईत आले होते. मिस्सेनंतर चर्चच्या आवारातसुद्धा चौरस फुटांचे भाव कानी पडत.

एक दलाल आम्हांला मे महिन्यातल्या रविवारी दुपारी आपल्या गाडीतून उमरेड मार्गावर घेऊन गेला. सुजाण वाचकांच्या लक्षात आलेच असेल की मिहान वर्धा मार्गावर आणि प्लॉट उमरेड मार्गावर! आम्ही तसे विचारलेही. तो म्हणाला, “बाहेरचा रिंग रोड झाला की दहा मिनिटं, फादर.” जमीन टणक, कोरडी, सपाट. चुना फासलेले दगड ओळीने रोवलेले, मुरमाचा नवाकोरा रस्ता आणि प्रवेशाशी एक भव्य फलक. त्यावर बाग, शाळा, मंदिर, कारंजे आणि काठी घेऊन फिरणारे एक वृद्ध जोडपे. आम्हांला ते जोडपे फार आवडले. दीड हजार चौरस फूट, फुटाला २२० रुपये, म्हणजे तीन लाख तीस हजार. निम्मे लगेच, निम्मे दिवाळीला. शेतजमीन अकृषक होण्याची परवानगी ‘होणारच आहे, कागद वर गेलाय’. तोवर मुद्रांकावर करारनामा आणि कब्जापत्र. पक्की रजिस्ट्री मागाहून. त्या दलालाचे वा जमीनमालकाचे नाव इथे सांगण्यात हशील नाही. तशी माणसे तेव्हा प्रत्येक रस्त्यावर होती.

सेमिनरीत आम्हांला कॅनन लॉ शिकवला होता. ख्रिस्तसभेच्या मालमत्तेचा कारभार चांगल्या गृहस्थाच्या दक्षतेने करावा असे त्यात कलम आहे, आणि परवानगीवाचून धर्मगुरूने व्यापारधंद्यात पडू नये असेही आहे. दोन्ही कलमांवर आम्ही परीक्षेत चांगले गुण मिळवले होते. सातबाऱ्याचा उतारा मात्र हाती धरून कधी वाचला नव्हता. भावाने विश्वासाने पैसे पाठवले, आम्ही भरले.

त्याच वर्षी ऑगस्टात आसगावी गेलो असता चहावर ही बातमी आम्ही थोड्या अभिमानानेच पाटलांना सांगितली. त्यांनी बशी खाली ठेवली.

“फादरजी, जागा उन्हाळ्यात पाह्यली का पावसाळ्यात?”

उन्हाळ्यात, असे आम्ही म्हणालो.

“उन्हाळ्यात सारीच जागा चांगली दिसते जी. जमीन पावसाळ्यात पाहा लागते.”

पाटलांचा धाकटा मुलगा नागपुरात मानेवाडा भागात राहत असे. त्याच्याकडे जाताना ते पवनी रोड स्थानकावरून छोट्या गाडीने इतवारीपर्यंत जात. बस लवकर पोहोचे, पण गाडीतून दोन्हीकडची शेते नीट दिसतात, असे त्यांचे म्हणणे. पुढच्या आठवड्यात ते असेच आले आणि आपणहून म्हणाले, “चला, जागा दाखवा.” रिमझिम चालू होती. फलकावरचे वृद्ध जोडपे भिजून एका बाजूने सुटले होते. चुन्याचे दगड निम्मे पाण्यात. पाटील चपला हातात घेऊन आत शिरले, प्लॉटाच्या मधोमध उभे राहिले आणि पाणी कुठून येते, कुठे जाते हे बराच वेळ पाहत राहिले. मग शेजारच्या शेतातल्या एका म्हाताऱ्या गड्याशी दहा मिनिटे बोलले. परत आले ते हळू आवाजात म्हणाले, “हे बांधी होय फादरजी. तिकडच्या साऱ्या शेताचं पाणी इथं उतरते. रोवणा होते इथं, घर नाही होत.” आणि थोडे थांबून, “तो गडी सांगते का जमीन तीन भावाईची हाय. एकानंच इकली. पैसे सारे देल्ले का?”

निम्मे दिले होते. निम्मे दिवाळीला द्यायचे होते.

तेव्हा भावाला एक फोन केला असता तर त्याचे दीड लाखांहून अधिक रुपये वाचले असते. आम्ही केला नाही. असे का, हे आम्ही गेली अठरा वर्षे स्वतःला विचारत आलो आहोत. एका निरक्षर शेतकऱ्याला दहा मिनिटांत दिसले ते आम्हांला दिसले नाही, हे धाकट्या भावासमोर कबूल करण्याची लाज वाटली. दलालाकडे जाऊन विचारले, तर त्याने हसून सांगितले की भाऊ एकत्रच आहेत आणि पाण्याला नाली काढणार आहोत. आम्हांला ते खरे मानायचे होते, आम्ही मानले. दिवाळीला उरलेले निम्मे पैसे भरले गेले.

पुढचे थोडक्यात. दोन वर्षांत उरलेल्या दोघा भावांनी हिश्शासाठी दावा लावला. मिहानमध्ये कारखाने व कार्यालये आली, पण बोलले जात होते त्या वेगाने नव्हे, आणि भावांची ती चढाओढ ओसरली. अकृषक परवानगी आलीच नाही. दलालाचा फोन बंद झाला. ‘दादा, कागदाचं काय झालं?’ असे भाऊ पहिली काही वर्षे नाताळच्या पत्रात विचारी. मग त्याने विचारणे सोडले आणि आम्हीही सुटल्यासारखे वागलो. भाचीच्या शिक्षणासाठी त्याने कर्ज काढले. त्याविषयी तो आमच्याशी एक शब्द बोलला नाही. आम्हांला ते दुसऱ्यांकडून कळले.

आता पाटलांच्या मुलाचे सांगायला हवे, कारण पाटलांनीही नागपुरात पैसा घातला होताच.

त्याला एका शाळेत कारकुनाची नोकरी लागली तेव्हा पाटलांनी प्लॉट घेऊन दिला नाही. मानेवाड्यात एक खोली भाड्याने घेऊन दिली. “तीन पावसाळे राहा, मग सांग,” एवढेच बजावले. ती वस्तीही काही सरकारमान्य नव्हती. नागपूरच्या दक्षिणेला सोसायट्यांनी शेतजमिनीवर पाडलेल्या अशा वस्त्या शेकड्यांनी आहेत आणि नागपूर सुधार प्रन्यासच्या कागदांत त्या ‘५७२’ आणि ‘१९०० लेआउट’ अशा आकड्यांनीच ओळखल्या जातात. नळ नाही, गटार नाही, रस्ता नाही. फरक एवढाच की तिथे माणसे राहत होती. पोस्टमन, कंडक्टर, परिचारिका, शाळामास्तर अशी चाळीस-पन्नास घरे. २००१ साली गुंठेवारी कायदा आला आणि अशा जुन्या प्लॉटांना शुल्क भरून नियमित होण्याची वाट मोकळी झाली, तेव्हा या लोकांनी वर्गणी काढून नकाशा करून घेतला, एकत्र अर्ज केले, पाळीपाळीने रजा टाकून प्रन्यासच्या कार्यालयात खेटे घातले. पाटलांचा मुलगा भाडेकरू असूनही त्यांच्यासाठी अर्ज लिहून देई, कारण त्याचे अक्षर चांगले. गल्लीत पाणी कुठे साचते, शेजारी कोण कसा आहे, विहिरीला मार्चमध्ये किती पाणी असते, कोणत्या प्लॉटवर भाऊबंदकी आहे, हे सारे त्याला तीन पावसाळ्यांत आपोआप कळले. मग एक कुटुंब बदलीमुळे घर विकू लागले, तेव्हा पाटलांनी दोन हंगामांचे धान व एक बैलजोडी विकून ते घेतले. नियमितीकरणाचे पत्र, ज्याला नागपुरात सगळे ‘आर. एल.’ म्हणतात, पुढे मिळाले. नळही आला. आज त्या घराची किंमत काय, हे त्याने आम्हांला सांगितले होते, पण आम्ही विसरलो. एवढे आठवते की, सांगताना त्याने आधी गल्लीतल्या कडुनिंबाचे सांगितले, किमतीचे नंतर.

पाटलांना शहराचे वावडे होते असे कुणी समजू नये. गोसीखुर्द धरणाची कोनशिला १९८८ च्या एप्रिलमध्ये राजीव गांधींच्या हस्ते बसली. अंदाज होता ३७२ कोटींचा. तो पुढे कित्येक पटींनी वाढला, २००८ साली प्रकल्प ‘राष्ट्रीय’ झाला आणि २०१३ साली बाधितांसाठी सुमारे १२०० कोटींचे विशेष पॅकेज जाहीर झाले. पाटलांच्या सोयऱ्यांपैकी काहींची गावे त्या पाण्यात गेली. मोबदल्याचे पैसे हाती आले की दुसऱ्या दिवशी प्लॉटांचे फलक घेऊन दलाल हजर. आमच्यासमोर पाटील आपल्या एका मेहुण्याला समजावीत होते, “पैसा ठेव, पण डोळ्यासमोर ठेव. जिथं तुले रोज जाणं होत नाही तिथं पैसा एकटाच राह्यते, अन् एकट्याले कोनी बी लुटते.” मेहुण्याने ऐकले नाही. आम्ही गप्प बसलो होतो. आमचा प्लॉट तेव्हा सहा वर्षांचा झाला होता.

२०१९ च्या नोव्हेंबरात, मोठ्या रुळांचे काम करण्यासाठी नागपूर–नागभीड छोटी गाडी बंद झाली. त्याच हिवाळ्यात पाटील वारले. आमची बदली झालेली होती. तिसऱ्या दिवशी पोहोचलो.

जूनमध्ये भावाचा फोन आला त्याच्या तिसऱ्या दिवशी आम्ही त्याला म्हटले की, विकण्यापूर्वी एकदा येऊन जा, जुलैत ये, पाऊस लागला की ये. तो चकित झाला. अठरा वर्षांत त्याने तो प्लॉट पाहिलेलाच नव्हता. गिऱ्हाइकाने म्हणे समृद्धी महामार्ग झाल्यामुळे भाव वाढणार असे ऐकले होते. तो मार्ग २०२२ साली नागपूर–शिर्डी आणि २०२५ च्या जूनमध्ये मुंबईच्या उंबरठ्यापर्यंत पूर्ण खुला झाला हे खरे, पण त्याचा उमरेड मार्गावरच्या आमच्या बांधीशी संबंध तेवढाच, जेवढा पूर्वी मिहानचा होता. गुंठेवारीची मुदत २०२१ साली वाढून ३१ डिसेंबर २०२० पर्यंतच्या प्लॉटांना लागू झाली, तेही त्या मुलाला कुणी सांगितले असावे. दावा चालू असताना नियमित काय होणार? आणि २०१७ पासून लेआउटलाही महारेराची नोंदणी लागते, ती विचारायची असते, हे त्याला कुणी सांगितले नव्हते.

भाऊ आला. आम्ही त्याला उमरेड मार्गावर नेले. आजूबाजूला चार-सहा घरे झाली आहेत, उंच जोत्यांची. आमच्या दीड हजार फुटांत पाणी होते आणि त्यात कुणीतरी म्हशी बसवल्या होत्या. भाऊ वाडीवाला माणूस. त्याने वाकून चिखल बोटांत घेतला, चोळला आणि काही न बोलता हात धुतले. तिथून आम्ही पुढे भिवापूर, पवनी करत आसगावला गेलो. का, ते त्याने विचारले नाही.

पाटलांच्या थोरल्या मुलाने शेतात नेले. बोडी काठोकाठ भरली होती, पाळीवर नवी माती दिसत होती. त्या पाळीवर उभे राहून आम्ही भावाला सारे सांगितले. ऑगस्टातला तो पाऊस, पाटलांचा प्रश्न, आणि दिवाळीपूर्वी आमच्या हाती असलेले अडीच महिने. आयुष्यभर लोकांचे पापनिवेदन ऐकणाऱ्या माणसाला स्वतःचे दोन वाक्यांत मांडता येऊ नये! आम्ही बराच वेळ अडखळत होतो. तो बोडीकडे पाहत ऐकत राहिला. शेवटी त्याने एकच विचारले, “तेव्हा तुम्हांला माहीत होतं?” आम्ही हो म्हटले.

मग तो पाळीवरून थोडा दूर गेला आणि त्याने त्या रेल्वेवाल्या मुलाला फोन लावला. तिथे रेंज येत-जात होती, त्यामुळे त्याला ओरडून बोलावे लागले आणि आम्हांला ते ऐकू आले. “पैशांची जुळवाजुळव करू नका. जमिनीवर दावा आहे, कागद पक्के नाहीत. आणि आत्ता पाऊस आहे तोवर एकदा तिथे जाऊन उभे राहा. ... नाही, मला कुणी सांगितलं नाही. मी स्वतः पाहून आलोय.”

परतताना तो पवनीपर्यंत, निलजपर्यंत बोलला नाही. भिवापूरला चहासाठी थांबलो. तिथली लाल मिरची प्रसिद्ध आहे. दुकानदाराशी त्याने बराच वेळ घासाघीस केली, एक मिरची मोडून वास घेतला आणि घरासाठी दोन किलो बांधून घेतली. पैसे देण्यासाठी आम्ही खिशात हात घातला. “राहू द्या दादा,” तो म्हणाला आणि स्वतःच्या पाकिटातून नोटा मोजून दिल्या.